ठोकळा कोणाच्या आवाजात बोलेल याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बसस्थानकावरची निवृत्त उद्घोषक, हे माझे मृत्युपत्र राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, तेव्हा त्यांच्या दवाखान्यातले कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावरच अडकल्याचे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणणे किती कठीण आहे हे घरच्यांना ठाऊक आहे. मरणाची मला मुळीच घाई नाही. पण माझ्यामागे एका यंत्राची आणि ते वापरणाऱ्या माणसाची आबाळ होऊ नये, म्हणून हे आत्ताच लिहून मोकळी होते.

कलम १. तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे हे घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते माझ्या पतींनी हयातभर वापरावे आणि त्यानंतर ते आमच्या मुलीचे व्हावे. मात्र पती राहत असेपर्यंत घरातली एकही वस्तू जागची हलवू नये. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करत. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. खुर्चीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत ते सवयीने जातात, वाटेत कोणाचा हात धरत नाहीत. मागे एकदा जावयांनी हवा खेळती राहावी म्हणून कपाट सरकवले होते. हवा खेळली आणि ह्यांचे कपाळ सुजले.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या मुलीला. निरोप समारंभात मला मिळालेले भिंतीवरचे घड्याळ जावयांना. ते नेहमी मागे चालते आणि जावई नेहमी उशिरा येतात, तेव्हा दोघांचे चांगले जमेल. जावई मनाने सोन्यासारखे आहेत, हेही इथे नोंदवून ठेवते, कारण पुढच्या कलमात त्यांचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

कलम ३. गाणी ऐकण्याच्या यंत्रांबाबत. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी ते आटोपशीर करायला सांगितले होते. मी ऐकले नाही.

माझ्या पतींना गाणे लागते. पण गाणे लावून द्या म्हणून दुसऱ्याला हाक मारणे त्यांच्या जिवावर येते. मी भाजी चिरत असले की ते गप्प बसून राहत, आणि ते कशासाठी गप्प आहेत हे मला सुरीचा आवाज थांबवल्यावर कळे. ते मला सहन होत नसे. जावयांनी तोडगा काढला आणि बोलणारा फोन आणून दिला. त्याची काच गुळगुळीत. ह्यांनी बासरी लावायला बोट फिरवले आणि फोन लागला मुलीच्या ऑफिसातल्या साहेबांना. दोघे बराच वेळ छान बोलले, बासरी राहिलीच. मग जावयांनी खास गाण्यांचे यंत्र आणले. तेही सपाट, पाटीसारखे, एकसुद्धा बटण नाही. ती पाटी मी जावयांनाच परत देत आहे. त्यांना ती मनापासून आवडली होती.

बाजारामागच्या गल्लीत जुनी यंत्रे दुरुस्त करणारा एकजण बसतो. त्याच्या कानावर पेन्सिलीच्या जागी पेचकस असतो, म्हणून सगळे त्याला पेचकसच म्हणतात. त्याने मला शहाणे केले. यंत्र चालवणारी जी आज्ञावली कंपनी आत घालून देते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती काढून तिच्या जागी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली आज्ञावली घालता येते. ती फुकट मिळते, कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. आणि ती बोलते. बटण दाबत ज्या ओळीवर येऊ त्या ओळीचे नाव सांगते, गाण्याचे नाव सांगते, आणि तिला आवाज कोणाचा द्यायचा हेही आपणच ठरवायचे. हे ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसले ते उठेचना.

पण ती सगळ्याच यंत्रांवर चालत नाही. कोणत्या यंत्रांवर चालते त्यांची यादी असते. ती मी नीट वाचली आणि मोठ्या ऐटीत एक यंत्र विकत आणले. नाव तेच, रंग तोच, आकार तोच. पेचकसने ते उलटे करून पाहिले.

"बाई, हा तो नव्हे."

"अरे, नाव वाच की."

"नाव तेच आहे. पण कंपनीने पुढच्या खेपेला आतलं सगळं बदललं आणि अंगरखा तोच ठेवला. मागे बारीक आकडा आहे बघा, दोन. आपल्याला एक हवा होता."

तो आकडा मी पाहिला होता. मला वाटले होते, बनवणाऱ्या कारागिराचा नंबर असेल. या यंत्राचे नाव आम्ही तोतया ठेवले. ते मी पेचकसला आजच देऊन टाकले आहे, त्याने ते दुकानात दर्शनी टांगावे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्यानंतर मी कानाला खडा लावला आणि ह्यांना बरोबर नेले. पेचकसने टेबलाखालची टोपली पुढे सरकवली. मी भिंगाखाली मागचे आकडे वाचत होते, हे एकेक यंत्र हातात घेऊन अंगठा फिरवत होते आणि बाजूला ठेवत होते. खिळे जुळवतानाही ते असेच करत, न बघता. एक चपटे यंत्र मला फार आवडले. यादीत होते, आकडाही बरोबर होता.

"नको," हे म्हणाले. "चारी बटणं सारखीच लागतात."

शेवटी तळातून ओरखडे पडलेले, विटेसारखे एक धूड निघाले. हे त्याच्यावर थांबले.

"ह्याची बटणं मला सापडतात."

"अहो, केवढं जड आहे."

"बरं आहे ना. हातात आहे हे तरी कळतं."

मी आकडा तपासला. पेचकसने मागचे झाकण उघडून दाखवले, बॅटरी बदलता येत होती आणि बाजूला मेमरी कार्डाची खाच होती. हाच तो ठोकळा. उद्या तो कायमचा बंद पडला, तर दुसरा याच क्रमाने निवडावा. आधी ह्यांचा अंगठा, मग यादी, मग मागचा आकडा, मग बॅटरी. रंग आणि जावयांचे मत शेवटी विचारात घ्यावे.

कलम ४. ठोकळ्याच्या आवाजाबाबत. उभी हयात मी बसगाड्या पुकारल्या, तेव्हा आवाज माझाच असणार हे मी गृहीत धरले होते. सगळे शब्द मी स्वतः ध्वनिमुद्रित केले. "मागे जा", "पुढचे गाणे", "आवाज वाढवला". अगदी स्थानकावर म्हणत असे तसे, ठासून. तीन दिवसांत घोटाळा सुरू झाला. ठोकळा म्हणाला "मुख्य यादी", तर हे म्हणाले "टेबलावर ठेव". ठोकळा "पुढे" म्हणाला की हे खुर्चीतून उठत. एकदा मी बाजारातून आले, तर हे माझी वाट न पाहता ठोकळ्याशीच भाजीचे भाव बोलत बसलेले.

"आवाज बदल बाई," ते म्हणाले. "घरात तू दोन झालीस. खरी कुठली, ते मला दिसत नाही."

मला आधी राग आला. मग स्वयंपाकघरात गेल्यावर फार बरे वाटले.

"मग कोणाचा घालू?"

"छोटीचा घाल. ती वर राहते, तिच्याशी घोटाळा नाही व्हायचा."

छोटी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. माझ्या निरोप समारंभात, हातात हार असताना, ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बाकी काही म्हणा, वहिनी त्या भोंग्यातून काय बोलायच्या ते मला एक अक्षर कधी कळलं नाही." त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद होते. भोंगा फाटका होता, आवाज नव्हे, हे मी इथे कायदेशीररीत्या नमूद करते.

तरी तिला बोलावले. करणार काय? आवाज घुमू नये म्हणून रजयांचे कपाट उघडले आणि नणंदबाईंना त्यात डोके घालून बसवले. मी कानाला हेडफोन लावून मागे, आणि मध्ये दुभाषे म्हणून हे.

"अहो, वन्सांना सांगा, 'परत'मधला त गिळू नका म्हणावं."

"दादा, वहिनींना सांग, रजईची लव नाकात जातेय माझ्या."

असे बरेच चालले. "बॅटरी कमी आहे" हे वाक्य ती इतक्या रडव्या सुरात म्हणाली की मी न राहवून थेट म्हणाले, "वन्सं, बॅटरी संपलीय, माणूस नाही." ती कपाटात हसत सुटली. मीही हसले. हे तर भिंतीला टेकून डोळे पुसत होते. त्यानंतरच्या "मागे जा"मध्ये तिचे हसू शिल्लक राहिले आहे. ते काढू नये. ह्यांना ते आवडते, आणि आता मलाही.

कलम ५. ठोकळ्याची देखभाल नणंदबाईंनी करावी. तिला मी सगळे शिकवले आहे. गाणी कार्डात कशी भरायची, आणि फर्मवेअरची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच का घालायची नाही, कारण आवाजाची फाइल तिच्याशी जुळावी लागते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई सांगतात. नणंदबाई साक्षीदार आहे. म्हणून तिला मी काहीही देत नाही, फक्त काम देते.

कलम ६. शर्टाच्या सुट्या बटणांच्या डब्यात एक छोटे कार्ड आहे. त्यात माझ्या आवाजाची फाइल आहे, ती मी पुसलेली नाही. माझ्यामागे घरात मी दोन असण्याचा घोटाळा उरणार नाही. तेव्हा ह्यांना वाटल्यास नणंदबाईंनी ती ठोकळ्यात घालावी. वाटायला हवेच असे नाही. निर्णय सर्वस्वी त्यांचा.

कलम ६ ची दुरुस्ती. वरील मजकूर सही करण्यापूर्वी मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. सहावे कलम झाल्यावर हे बराच वेळ टेबलावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "घाला. तुझाच घाला. पण ठोकळा बंद करताना तो 'बंद होत आहे' म्हणतो ना, तेवढं छोटीच्याच आवाजात राहू दे. रोज रात्री ते तुझ्या तोंडून नको ऐकायला."

नणंदबाई म्हणाली, "म्हणजे वाईट तेवढं माझ्या वाट्याला. चालेल, दादा." आणि माझा हात धरला.

सबब, माझ्या आवाजाच्या फाइलमधून "बंद होत आहे" हे दोन शब्दांचे नव्हे, तीन शब्दांचे वाक्य (डॉक्टरांनी मोजून दिले) काढून त्या जागी नणंदबाईचे ठेवावे. बाकी सगळे मी बोलेन. ही दुरुस्ती मला मान्य आहे. मी आनंदात आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. कॅलेंडर बदलले आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: नणंद, वरचा मजला. हे मृत्युपत्र वहिनींनी आमच्यासमोर स्वतः मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सही केली. मला त्यातला शब्द न् शब्द कळला. (सही)