तूत

सुर्खदारा, ४ एप्रिल १९८७

थोरले बंधू नज्रुल्लो अका यांस धाकट्या गुलसिफतचा सलाम वि. वि.

दोघी खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण खोटं लिहवत नाही. घरामागच्या डोंगराला भेग पडलीय. आधी तिच्यात जेमतेम बोटं जात होती, काल शेळीचं करडू अडकलं. झऱ्याला गढूळ पाणी येतंय. आई म्हणते, डोंगर तुझ्या बापाच्या आधीपासून इथे आहे, तो कुठे जातोय. शेजारचे एर्गशकाका उझबेक, आपल्या ताजिकांहून फटकळ. ते तिला म्हणाले, की वहिनी, तुम्ही हलत नाही म्हणून आता तो हलायला लागलाय. तेव्हापासून दोघांचा अबोला. मी दिवसभर अंगणात तुतीखाली बसते. घरात छत कुरकुरतं.

तू येऊन तिला ने. तुझी बायको पुलाव खारट करते हे ती गावभर सांगते, पण खाईल मुकाट्याने. घरी सर्वांस सलाम. आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी गुलसिफत

खुजंद, ९ एप्रिल

चि. गुलसिफतला आशीर्वाद.

पत्र मिळालं तेव्हाच निघालो, पण खिंडीत बर्फ कोसळलंय. ट्रकवाल्यांनी मागे फिरवलं. इथे पाऊस थांबत नाही. टेलिफोनवाली बाई म्हणते तिकडची लाइन मुकी आहे. हे पत्र मिळताच आईला उचलून एर्गशकाकांकडे ने. ती शिव्या देईल, देऊ दे. दोन ओळी तरी लिही.

तुझा नज्रुल्लो

सुर्खदारा, १२ एप्रिल

चि. नज्रुल्लो यास एर्गशकाकाचा दुवा.

दोघी जिवंत आहेत. आता बसून पुढचं वाच.

परवा दुपारी डोंगर खाली आला. तुमचं घर आईसकट गाडलं गेलं. रस्त्याच्या कामावरचे रशियन सैनिक धावले. ढिगाऱ्यातून तुझ्या आईचा आवाज आला, नुसतं तूत, तूत. तोंडात माती, दुसरा शब्द फुटेना. सैनिकांच्या भाषेत तूत म्हणजे इथे. ते तिथेच खणायला लागले, तूत, तूत असं ओरडून तिला धीर देत. छताची तुळई तिच्यावर खचू नये म्हणून मी खांद्यावर घेतली होती. आमच्या उझबेकीत तूत म्हणजे धर. मला वाटलं वहिनी मला सांगतेय, सोडू नकोस. मी दात आवळून धरली.

तिला बाहेर काढलं, तुळई टाकली, तरी तिचं तेच चालू. आता धरायला काही नव्हतं. एक सैनिक तिला समजावत होता, की हो आजी, इथेच आहेस. ती त्याचा हात झिडकारून अंगणाकडे सरपटायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्या ताजिकीत तूत म्हणजे तुती. पोरगी झाडाखाली होती. अंगणात तर चिखलाचा डोंगर, झाडाचा शेंडाही दिसेना. सगळ्यांनी अंदाजानेच खणलं. गुलसिफत सापडली तेव्हा निळी पडली होती. अजून डोळे उघडले नाहीत. दवाखान्यात नेलंय. जमेल तसा ये.

तुझा एर्गशकाका

जिल्हा दवाखाना, २१ एप्रिल

नज्रुल्लो अका यांस सलाम वि. वि.

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर लावून घे. खिंड उघडतेय म्हणतात, म्हणून वाट बघतेय.

झाडाच्या फांद्या आडव्या पडल्या, त्यांच्या पोकळीत मी होते. वरचं सगळं ऐकू येत होतं. आईचं तूत, मग कितीतरी पुरुषांचं तूत, तूत. वाटलं, सगळ्यांना कळलंय मी कुठे आहे, आता येतीलच. पण फावड्यांचे आवाज लांबच राहिले. सगळे माझं ठिकाण घोकत होते आणि येत कोणीच नव्हतं. अका, मातीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

आई शेजारच्या खाटेवर आहे. जबडा बांधलाय, म्हणून शिव्या बंद. इथली रशियन नर्स चांगली आहे. माझ्या बरगड्या दाबून विचारते, तूत? म्हणजे इथे दुखतं का. तो शब्द ऐकला की आई झोपेतूनही उठते आणि नखांनी चादर उकरायला लागते. मी तिचे हात धरून सांगते, मी बाहेर आहे.

काल मी नर्सला खुणेनेच विनंती केली. आता ती काही बोलत नाही. बोट ठेवते आणि भुवया उंचावते.

लवकर ये. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी गुलसिफत