वरचे दहा सूर

१४ नोव्हेंबर, सकाळ

धाकटीस ताईचे आशीर्वाद. द्यायचे असतात म्हणून दिलेत.

इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा आज कमी दुखतोय. तुझी निळी शाल चर्चच्या बाकावर राहिली होती, ती आणली आहे. धुणार मात्र नाही.

आता मुद्द्याचं. शनिवारच्या ऑपेरात तू मला चांगल्या सत्तर माणसांत तोंडघशी पाडलंस. तीनशे वर्षांच्या त्या चर्चमध्ये ना रंगमंच ना पडदा. तू, एक पियानो आणि पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे. तिथं कुजबुजलं तरी शेवटच्या बाकाला ऐकू जातं, हे तुला ठाऊक होतं. तरी शेवटच्या अंकात, तुझी नायिका मरायला टेकलेली आणि पियानो एकटाच वरच्या सुरांत चढत असताना, तू हात उचलून वादकाला थांबवलंस आणि लोकांकडे बघून हसलीस. "माफ करा हं. हा बेसूर पियानो माझ्या ताईनं लावलाय. घरचं काम, बोलणार कुणाला?"

लोक खो खो हसले. शेजारच्या बाईंनी तर मला कोपरानं ढोसलं. त्यांना काय माहीत, ती ताई म्हणजे मीच!

मग उरलेलं तू पियानोशिवाय गायलीस आणि अख्खं चर्च उभं राहिलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगाच नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गायलीस मात्र अशी की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला रागच आला.

पियानो मी सकाळी चार तास बसून लावला होता. नंतर पाद्रींनी हीटर लावले, माणसांची ऊब झाली, त्यात तो वादक पट्ट्यांवर कणीक तिंबल्यासारखा वाजवतो. तारा उतरणारच. रविवारभर मी हेच सांगत सुटले होते. आईला तर दोनदा सांगितलं.

ते खरं नाही. हीटरनं बिघडला असता तर सगळाच बिघडला असता, फक्त वरचे दहा सूर नाही. त्या दहांचं मला गेल्या हिवाळ्यापासून नुसतं लाकूड ऐकू येतं. हातोडी तारेवर बसल्याचा ठक् आवाज, बस्स. सूर येतच नाही. तिथं मी हाताच्या सवयीनं खुंटी पिळते आणि देवाचं नाव घेते. दुपारच्या तालमीत तू दोनदा म्हणालीस, "ताई, वर जरा बघ गं." मी तुलाच झापलं, तुझे कान बिघडलेत म्हणून.

तेव्हा तू बरोबर होतीस. त्यानं राग उतरलेला नाही, वाढलाय. मध्यांतरात बाजूला घेऊन हवं तेवढं ओरडायचंस. पंचवीस वर्षं तुझा प्रत्येक पियानो मी लावला. तुझा आवाज बसला त्या वर्षी गुपचूप जरा खालच्या सुरात लावून दिला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुझं मी झाकलं. माझ्यावर तू विनोद केलास.

डॉक्टरांकडे मी उन्हाळ्यातच जाऊन आले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा म्हणाले. आईला माहीत नाही. कुणालाच नाही. आता तुला.

येत्या सोमवारी संगीतशाळेचा पियानो लावायचाय. तू ये. मी खुंटी पिळेन, तू शेजारी बस, आणि सूर जागेवर आला की माझ्या हाताला हात लाव. बोलू नकोस. सांत्वन तर मुळीच नको. नाही आलीस तर मी शाळेवाल्यांना खरं काय ते सांगेन आणि हत्यारं कायमची घरी आणीन. मला दुसरं काही येत नाही गं.

मी माफी मागितलेली नाही, आणि तुला माफ केलेलंही नाही. दहा वाजता, मागच्या दारानं.

तुझी,
अजून तरी पियानो लावणारी
ताई