साडेबारा ते एक

३ फेब्रुवारी, सोमवार

मनगटावर पुन्हा दात उमटलेत. खालचे चार, वरचे दोनच — वरचे बाकीचे पडलेत त्याचे. वर्गातला आमचा चावऱ्या. राग नव्हता, पिवळा खडू संपला म्हणून चावला. मावशींनी गार पाण्याचा रुमाल बांधून दिला. म्हणाल्या, "माझ्या हातावर तर त्याच्या दुधाच्या दातांपासूनचा इतिहास आहे."

सात मुलं, एक मी, एक मावशी. मावशी शाळेत सेविका आहेत, पण निम्मा वर्ग त्याच चालवतात. वर्गाची खरी बाई बाळंतपणाच्या रजेवर. मी तिच्या जागी, दिवसाच्या पगारावर. ज्या दिवशी जायचं त्या दिवशीचे पैसे, आजारी पडलं की शून्य. मोठ्या बाई मला नावाने हाक मारत नाहीत. "बदली आली का? बदलीला सांगा."

आज भुंगाने शर्टाचं बटण लावलं. पहिल्यांदा! मधलंच, तेही चुकीच्या काजात. नऊ वर्षांची आहे. बोलत नाही, ओठ मिटून एक सूर लावून धरते, म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणतो. भूक लागली की सूर खाली येतो, भीती वाटली की चढतो. बटण लागलं तेव्हा मी आणि मावशी एकमेकींकडे बघून गप्प बसलो. टाळ्या वाजवल्या की ती कान झाकते.

५ फेब्रुवारी, बुधवार

पगार झाला. शेजारच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या बदली बाईला जेवढा, तेवढाच. तिला कोणी चावत नाही. विशेष मुलांना शिकवण्याचा वेगळा भत्ता असतो, पण तो कायम नोकरीवाल्यांना. बदलीला नाही. का, ते कोणालाच माहीत नाही.

सासूबाईंनी जेवताना विषय काढला. माझ्या नेमणुकीच्या आदेशात आठ ते साडेबारा लिहिलंय, आणि मुलांच्या व्हॅन येतात एक वाजता. सात मुलांचे बूट, दप्तरं, एकाची चाकाची खुर्ची, एकीचं कानातलं मशीन. तो अर्धा तास मी रोज फुकट थांबते.

"मी सव्वीस वर्षं कारखान्यात सुताच्या बॉबिनी भरल्या," त्या म्हणाल्या. "भोंगा झाल्यावर एक मिनिट दिलं नाही कोणाला."

"आई, ती मुलं आहेत. बॉबिनी नाहीत."

"मग मुलांचं जास्त मिळायला हवं की कमी?"

ह्यांनी परगावाहून पैसे पाठवून दोन महिने झालेत, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांचा तो चांगुलपणा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या बाईंकडे गेले. टेबलावर फायली, कपात थंड चहा. अर्ध्या तासाचं विचारलं.

"तुम्हाला थांबायला सांगितलं कोणी?"

"व्हॅन एकला येतात, बाई."

"ते मावशी बघतील. आदेशात साडेबारा आहे ना? साडेबाराला सही करा आणि जा. इथे तुम्हाला कोणी धरून ठेवलेलं नाही." मग जरा नरमून, "वरून पैसेच येत नाहीत हो. मी माझ्या पर्समधून देऊ का?"

पैशांचं लागलं नाही. 'धरून ठेवलेलं नाही' हे लागलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तरीही एकपर्यंत थांबले. घरी येताना स्वतःचाच राग आला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज निघाले. साडेबाराला सही, साडेबाराला फाटकाबाहेर. मावशींना सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "जा तुम्ही, बाई. मी बघते. कधीतरी मान ताठ करावीच लागते."

बस लगेच मिळाली. सगळा रस्ता मनातल्या मनात मोठ्या बाईंशी भांडत आले. गरम जेवले. दुपारी आडवी झाले. किती दिवसांनी!

नंतर —
पाच वाजता मावशींचा फोन. "बाई, भुंगा तुमच्याकडे आहे का?"

माझ्याकडे कशी असेल?

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही सापडली.

मावशी एका मुलाला संडासात घेऊन गेल्या होत्या. परत आल्या तर सहाच मुलं. आधी त्यांना वाटलं, पडद्यामागे बसली असेल, बसते कधी कधी. मग व्हॅन आल्या. मग सगळी शाळा शोधली. दुपारी दोनला मोठ्या बाईंनी पोलिसांना कळवलं. मला पाचला, कारण माझं काम साडेबाराला संपलं होतं.

आज सकाळी मी ठाण्यात तिच्या आईवडिलांबरोबर होते. वडील वेल्डर आहेत, कामाचे कपडेही बदलले नव्हते. हवालदार विचारत होता —

"नाव विचारलं तर सांगेल?"

"नाही."

"पत्ता?"

"नाही."

"मग काय सांगते ती?"

तिच्या आईने ओठ मिटून तो सूर काढून दाखवला. अगदी तसाच. हवालदाराने पेन खाली ठेवलं. हे कागदावर कसं लिहायचं ते त्यालाही कळेना.

दिवसभर फिरलो. बाजारामागची गल्ली, पाण्याची टाकी, लाकडाच्या वखारी, कालव्याचा काठ. कालव्याजवळ तिचे वडील माझ्या पुढे जाऊन उभे राहिले. "तुम्ही नका बघू, बाई. मी बघतो." पाण्यात काही नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत गेले. सहा मुलांना सांभाळायला कोणीतरी हवंच.

ती ऐकू येते. ट्यूबलाईटच्या पट्टीतून, पाण्याच्या पंपातून, रस्त्यावरच्या डब्यासारख्या ट्रान्सफॉर्मरमधून. संध्याकाळी स्वयंपाकघरात ऐकू आली आणि मी हातातली वाटी टाकून धावले. फ्रिज होता. सासूबाईंनी काही न बोलता फ्रिजचं बटण बंद केलं. दूध नासलं तर नासलं.

त्यांनाही झोप नाही. सकाळी म्हणाल्या, "मीच तुला भरीला घातलं." मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस. आज तो सूर आठवेना. प्रयत्न केला, वेगळाच निघाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली. जिवंत आहे. सापडली!

इथून चार स्टेशनं पलीकडच्या गावात, बालगृहात. मंगळवारी दुपारी प्लॅटफॉर्मवर एकटी बसलेली मिळाली म्हणे. बोलत नाही म्हणून नाव 'अनामिक' असं लिहून ठेवलेलं. तिथल्या बाईने आज पोलिसांकडचा फोटो बघून ओळखलं.

सासूबाईंनी फ्रिज सुरू केला आणि त्याला टेकून रडल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या. ती पलंगाखाली बसली होती. तळव्यांना पट्ट्या. पायाचं एक नख गेलंय. अंगात फ्रॉक दुसराच होता, कोणाचा ते कोणाला माहीत नाही. सोमवार दुपार ते मंगळवार दुपार ती कुठे होती तेही कोणाला माहीत नाही.

मी फरशीवर आडवी पडून तिच्याकडे बघत राहिले. तिने बघितलं. ओळख दाखवली नाही, चेहरा फिरवलाही नाही. आवाज नाही. ओठ मिटलेले, पण आत काही नाही. तासभर थांबले.

आई म्हणाली, "सापडल्यापासून अशीच आहे. भूक लागली तर आता कळतच नाही आम्हाला. घड्याळ बघून भरवते."

दारापर्यंत पोचवायला वडील आले. "काय झालं ते फक्त तिला माहीत आहे," ते म्हणाले. "आणि आम्ही तिला विचारू शकत नाही. शाळेत आता पाठवणार नाही, बाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर तिथे नव्हतातच."

ते समजूत घालत होते. रस्ताभर तेच ऐकू येत होतं. तुम्ही तर तिथे नव्हतातच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी झाली. मोठ्या बाईंच्या खोलीत तीन साहेब, खुर्च्या आमच्याच वर्गातून नेलेल्या. छोट्या खुर्च्या. त्यांचे गुडघे वर आले होते. एरवी मावशींना आणि मला हसू आवरलं नसतं.

मोठ्या बाई आधी म्हणाल्या, "मुलांना व्हॅनपर्यंत पोचवणं ही वर्गाच्या बाईंचीच जबाबदारी असते." पैसे मागितले तेव्हा तो अर्धा तास माझा नव्हता. आता माझा झाला!

मग क्लार्कने फायलीतून माझा आदेश काढला. आठ ते साडेबारा. हजेरीपटावर माझी सही, साडेबारा. साहेबांनी मान हलवली. ज्या कागदाने मला पैसे नाकारले, त्यानेच मला सोडवलं.

मग फाटक. मावशी म्हणाल्या, "सकाळी कडी मीच लावली. नंतर मी फाटकाकडे गेलेच नाही."

"मग मुलगी काय उडून गेली?" एका साहेबांनी विचारलं.

मग साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही निघताना कडी लावली होती?"

"लावली असेल. रोज लावते."

"म्हणजे लावली."

मी काही बोलले नाही. त्यांनी लिहून घेतलं — लावली. मी खाली सही केली. खरं म्हणजे मला आठवत नाही. फाटकाची कडी कोण लक्षात ठेवतं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशींना काढलं. एकोणीस वर्षांनंतर, अर्ध्या पानाच्या पत्रावर.

चपला आणि स्टीलचा मग घ्यायला आल्या होत्या. मुलं त्यांना चिकटली. चावऱ्याने त्यांचा हात धरला आणि चावला नाही, नुसता गालावर धरून बसला. जाताना मला म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाही, बाई. माझंच लक्ष गेलं असेल कुठेतरी. वय झालं." त्यांना स्वतःला तसं वाटायला लागलंय. गुरुवारी त्या साहेबांसमोर ठाम होत्या, आज 'असेल' म्हणाल्या.

त्यांचं घर एका पगारावर चालतं. माझ्याहूनही कमी असलेल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा आदेश. एक मार्चपासून माझी वेळ आठ ते एक. अर्ध्या तासाचे पैसे मिळणार. मोठ्या बाईंनी स्वतः आणून दिला. म्हणाल्या, "बघा, तुमचं ऐकलं." मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, वळून खिडकी लावत बसल्या.

सासूबाईंना कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. "नको मला दाखवूस."

६ मार्च, गुरुवार

आज शाळा लवकर सुटली, म्हणून आधीची बस मिळाली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच. कंडक्टर तिकीट देताना थांबला. म्हणाला, "बाई, ती मुलगी सापडली म्हणे. बरं झालं. मला मधे दुसऱ्या मार्गावर टाकलं होतं, फोटो मी फार उशिरा बघितला. ती तुमच्या मागोमाग पायरीवर चढली होती त्या दिवशी. मी तुम्हाला विचारलं, ही तुमच्याबरोबर आहे का? तुम्ही सुटे शोधत होतात. मागे न बघताच म्हणालात, नाही, मी एकटीच. म्हणून मी तिला खाली उतरवलं."

पुढच्या थांब्यावर उतरले. चालत मावशींच्या घरी गेले. दार उघडंच होतं. "या, बाई, बसा," त्या म्हणाल्या.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं.