विसाराआधीची शाकारणी

२१ एप्रिल, रविवार

बघितलं! अखेर बघितलं ते घर. निकेतला म्हटलं होतं, नुसतं बघून येऊ, बघायला काय पैसे पडतात? तो म्हणाला, "तुझं बघणं मला माहीत आहे." खरंच आहे म्हणा. फ्रीज पण असाच नुसता बघायला गेलो होतो.

फेरीबोटीनं पलीकडे दिघीला उतरलो, तिथून वरच्या आळीत पंधरा मिनिटं चढ. लाल चिऱ्याचं घर. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. न्हाणी बाहेर. विहीर शेजारच्या सोनूबाईंबरोबर सामाईक. चावी त्यांच्याकडेच असते, कारण मालक हिरामणदादा बायको गेल्यापासून पनवेलला मुलीकडे असतात. दोन वर्षं घर बंद.

आणि अवस्था! माजघरात वर बघितलं तर आकाश दिसलं. गिलावा गळून पडलाय, भिंतीतून पिंपळ आलाय, चुलीपाशी वाळवीचं वारूळ. निकेतनं दाराशी उभं राहूनच दोष मोजायला सुरुवात केली. हाताची बोटं संपली तेव्हा थांबला.

मला मात्र ओटीवर बसल्यावर उठावंसंच वाटेना. समोर खाडी, माडांच्या मधून आमची जेटी दिसते, माझी तिकीट खिडकीसुद्धा – काडेपेटीएवढी. अकरा वर्षं मी त्या खिडकीतून तिकिटं देत पलीकडचा डोंगर बघते आहे आणि हे घर कधी दिसलं नाही!

बावीस लाख सांगतात. आमच्याकडे सोळा. म्हणजे विषयच संपला.

२२ एप्रिल

घराबद्दल बोलायचं नाही असं सकाळी ठरलं. चहा होईपर्यंत टिकलं.

२५ एप्रिल

बँकेतल्या साहेबांनी कागद बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला. गावठाणातलं घर, सातबारा नाही, नुसता ग्रामपंचायतीचा उतारा – यावर कर्ज बसत नाही म्हणे. नवीन इमारतीतल्या फ्लॅटला मात्र उद्या देतील. पतसंस्था देते, पण व्याज सणसणीत.

निकेतच्या मनात तो मुरूडचा फ्लॅट आहे. एकोणीस लाख, रंगासकट, फरशी बसवलेली, किल्ली घ्या आणि राहायला जा. तीनशे नव्वद फूट. मी जाऊन आले गेल्या महिन्यात. खिडकीतून शेजारच्या इमारतीची खिडकी, तिच्यात एक बाई कुकर लावत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. उद्यापासून रोज हेच?

पण त्याचंही खोटं नाही. तो दिवसभर पोर्टात ठेकेदाराकडे वायरी ओढतो, सुट्टीच्या दिवशी पुन्हा स्वतःच्या घरात काय म्हणून ओढायच्या? घराचे बावीस, वर दुरुस्तीचे चार तरी. सोळा आणि सव्वीस यांच्यामध्ये केवढी खाडी! तिथं फेरीबोट नाही चालत.

२८ एप्रिल, रविवार

हिरामणदादा आज स्वतः घर दाखवायला आले. साठीच्या पुढचे, काटकुळे, डोळ्यात मोतीबिंदू, भिंतीला हात लावून लावून चालतात. मला वाटलं होतं आता हा माणूस विकण्यासाठी गोड बोलणार. छे! उलट घरातली सगळी खोट स्वतःच उघडी केली. "हितं गळतं. हितं बी गळतं. ह्या कोपऱ्यात तर बादली ठेवायची." मी म्हटलं, दादा, गिऱ्हाईक पळून जाईल. तर म्हणाले, "लपवून काय करू? जूनमदी तुमी मला शिव्या देनार."

निकेत पहिल्यांदा हसला.

एक लाख उतरले. एकवीस. त्याखाली नाही. मुलगी घाई करते आहे, घर पडून गेलं तर जमिनीचेच पैसे येतील म्हणते. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, उंबऱ्यावरची धूळ पायानं सारत होते. मला वाईट वाटलं. पण एक लाख उतरल्याचा आनंदही झाला. माणूस असाच.

१ मे

भांडण. अगदी कचकचीत!

मी म्हणाले, नऊ वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, घरमालकिणीला विचारून खिळा ठोकते मी. तो म्हणाला, म्हणून काय पडक्या घरात नेऊन घालू तुम्हाला? मी म्हणाले, तुला कसलीच हौस नाही. तो म्हणाला, हौसेला हप्ता असतो. मी म्हणाले – जाऊ दे, काय म्हणाले ते लिहीत नाही. त्याच्या आईवर गेलं.

शिवानी मधेच म्हणाली, "मला विचारणार आहे का कोणी?" सातवीतली पोर! विचारलं. तर म्हणते, जिथं माझ्या खोलीला दार असेल तिथं. फ्लॅटला एकच खोली. घराच्या पडवीला दार आहे. माझ्या तोंडावर दिसलंच असणार.

२ मे

अबोला. डब्यात वाल दिलेत. त्याला आवडतात म्हणून नाही, भिजवलेले होते म्हणून.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून निकेत कुठेतरी गायब. मला वाटलं नाक्यावर बसला असेल. दुपारी अडीचला आला तो डोक्यापासून पायापर्यंत जळमटं. दिघीला गेला होता! एकटा! सोनूबाईंकडून चावी घेऊन, शिडी लावून माळ्यावर चढला होता.

पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि बोलायलाच लागला. वायरिंग सगळं काढून टाकावं लागेल, पण ते मी करीन, मजुरी वाचली. दोन वासे गेलेत, बाकीचे ठणठणीत. छपराचं मधलं आढं ऐनाच्या लाकडाचं आहे, ऐनाचं! खिळा शिरेना त्यात. विहिरीला मे महिन्यात कमरेएवढं पाणी. सोनूबाईंनी आंबोळ्या खायला घातल्या.

हा माणूस बोलत असला की मधे पडायचं नाही, एवढं लग्नाच्या चौदा वर्षांत शिकले आहे.

शेवटी म्हणाला, "घेऊ. ते आढं आहे म्हणून घेतोय. तुझ्यासाठी नाही."

बरं बाबा, आढ्यासाठी तर आढ्यासाठी! आज फार फार आनंदात आहे. उगाच दोनदा केर काढला.

८ मे

हिशोब असा बसला: आमचे सोळा, निकेतच्या पीएफमधून दोन, माझ्या पाटल्या आणि गोफ मोडून अडीच, उरलेलं आणि दुरुस्तीचं पतसंस्थेकडून. हप्ता दोनदा विचारून घेतला. गाडी नाही, गणपतीत नवीन कपडे नाहीत, शिवानीचा क्लास मात्र चालू ठेवायचा. चार वर्षं ताणायचं. ताणू. रबर आहोत का आम्ही? आहोत.

पाटल्या आईच्या. ते मनाला लागलं. पण आई असती तर तिनंच काढून दिल्या असत्या, तीही भाड्याच्याच घरात गेली.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. आज विसार देऊन सौदा पक्का करायचा ठरलेला. एकवीस हजार नवीन पाकिटात घालून ठेवले, मी खिडकीवर बदली लावली, निकेतनं इस्त्रीचा शर्ट घातला. आणि नऊ वाजता हिरामणदादांचा फोन – डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर अचानक लागला, उद्याच. "बाय, धा दिसांनी येतो. घर कुटं पळतंय?"

मुहूर्त हुकला. निकेत म्हणाला, डोळ्यापेक्षा मुहूर्त मोठा नाही. श्रीखंड खाऊन झोपलो.

१२ मे, रविवार

आता खरी गंमत. छपराचं काम करणारा या भागात एकच उरलाय – रघू. बाकी सगळ्यांनी पत्रे घातले, मग कौलं परतायला येतंय कोणाला? त्याच्याकडे उद्या आणि परवा असे दोनच दिवस मोकळे. नंतर तो भाताच्या रोपाला लागतो. मग थेट पुढचा मे. आणि या पावसाळ्याआधी कौलं परतून शाकारणी झाली नाही तर भिंती खाली येतील हे त्यानं तोंडावर सांगितलं. "मंग घर न्हाय, ढिगारा इकत घ्याल."

निकेतनं कपाळाला हात लावला. "विसार नाही, कागद नाही, आणि आपण लोकांच्या घरावर कौलं चढवायची?"

मी म्हणाले, आज अठरा हजार घातले तर उद्याचे तीन लाख वाचतात. यात चूक काय? मला स्वतःलाही आत कुठेतरी खटकत होतं, पण मी काय ऐकून घेणाऱ्यातली आहे? हिरामणदादांना फोन लावला. डोळ्याला पट्टी, तरी आवाज खणखणीत. "करा की! आता तुमचंच हाय."

झालं तर मग.

१४ मे, मंगळवार

अंग अंग दुखतंय पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दोन दिवसांत सगळं छप्पर उघडं केलं. एक एक कौल खाली उतरवायचं, झाडायचं, शेवाळ घासायचं, टिचलेलं बाजूला. रघू वर, त्याचा भाऊ शिडीवर, खाली मी, निकेत आणि सोनूबाई. सोनूबाई सत्तरीच्या, पण कौल असं झेलतात की बघत राहावं. माझ्याकडून सात फुटली. रघू वरून ओरडला, "वयनी, क्रिकेट खेळू नका!" निकेतनं कुजलेले दोन वासे बदलून घेतले, रिपा नव्या ठोकल्या. स्वयंपाकघरावर मी हट्टानं काचेचं कौल लावून घेतलं. एकशे ऐंशी रुपये. रघू म्हणाला कशाला, मी म्हणाले, मला भाजी चिरताना दिसायला हवी.

आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं आणि सोनूबाई म्हणाल्या, "घरवालीनं नारळ फोडायचा." मी निकेतकडे बघितलं. त्यानं मान हलवली – नको अशी की फोड अशी, मला कळलं नाही. मी फोडला. पाणी उंबऱ्यावर शिंपडलं. आळीतल्या सगळ्यांना खोबरं वाटलं. या गावात कागद कचेरीत होतो, घर मात्र शाकारणीला ज्याचा नारळ त्याचं, असं सोनूबाई म्हणतात.

मग आत जाऊन बघितलं. वर आकाश नाही! नुसती लाल रांग, रांगेला रांग. स्वयंपाकघरात काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन खाली पडला होता, त्यात जाऊन उभी राहिले. शिवानी म्हणाली, आई, तू रडतेस काय? मी म्हणाले, धूळ गेली.

धूळ कसली. रडतच होते.

१५ मे

खिडकीवर आज अकरा जणांनी विचारलं, "घर घेतलं म्हणे?" पहिल्या तिघांना खरं ते सांगितलं. नंतर नुसतं हो म्हणाले. हो म्हणायला किती बरं वाटतं!

१८ मे, शनिवार

सोनं मोडलं. सोनारानं पाटल्या तराजूत टाकल्या तेव्हा मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. पतसंस्थेचं पत्र आलं, मंजूर.

निकेत वहीत बोर्ड कुठे, पंखे कुठे याची चित्रं काढतोय. शिवानीनं पडवीच्या दारावर लावायला पाटी रंगवली: "विचारून आत या." हातात पैसा नाही, गळ्यात गोफ नाही, आणि मी गुणगुणत भांडी घासते आहे. शहाण्या माणसाचं लक्षण नाही हे.

१९ मे, रविवार

हिरामणदादा दुपारच्या फेरीला आले. काळा चष्मा, हातात पिशवी. मी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, स्वतःच्या खिशातले टाकले. म्हणाले, "दोन-तीन दीस ऱ्हातो घरात. भांडीकुंडी आवरतो. मंग बुधवारी विसार घेतो." मी म्हणाले, सावकाश होऊ द्या. घर सोडताना माणसाला वेळ हवाच. सोनूबाईंना फोन करून त्यांच्या जेवणाचं सांगितलं.

२० मे

पहाटे वळवाची सर येऊन गेली. सोनूबाईंचा फोन, एक थेंब आत नाही! दादा म्हणे सकाळपासून ओटीवर बसलेत, भांडी अजून फडताळातच. मी निकेतला म्हटलं, बघ, अठरा हजार वसूल.

२२ मे, बुधवार

विसाराचं पाकीट पर्समध्ये होतं. हिरामणदादा साडेदहाला खिडकीशी आले आणि त्यांनीच माझ्यापुढे पाकीट ठेवलं. शाकारणीचे अठरा हजार एकशे ऐंशी, काचेच्या कौलासकट, सोनूबाईंना खर्च विचारून.

"बाय, पोरीला कळवलंय. घर पडत व्हतं म्हनून इकीत व्हतो. आता उभं हाय."

मागे रांग होती. पुढच्याला दोन तिकिटं आणि मोटारसायकलचं एक दिलं. बोट सुटल्यावर खिडकी लावून घेतली आणि रडले.

संध्याकाळी निकेतला सांगितलं. वाटलं आता फ्लॅटचं काढेल, "सांगितलं होतं" म्हणेल. बराच वेळ वायरचा तुकडा बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "रविवारी सुट्टी घे. दुसरं गळकं बघू."