बाथला जाण्याआधीची पाहणी

बेसिंगस्टोक,
जून २००७

ती. आशाताईस,

सतीशचा साष्टांग नमस्कार (लिहितोय खुर्चीत बसून, पण मन आडवं झालेलं आहे असं समज). डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता चिपळूणच्या ओटीवर बसून स्वतः पेपर वाचतेस हे कळलं, फार बरं वाटलं. म्हणजे हे पत्रही तू स्वतःच वाचशील, शेजारणीकडून मोठ्यानं वाचून घेणार नाहीस. तसा विचार असेल तर इथेच थांब आणि पत्र घडी करून ठेव. आंबे कसे आहेत? इथे मिळतात ते पाकिस्तानातले, गोड असतात, पण तुझ्यासमोर त्यांची स्तुती करण्याची माझी हिंमत नाही.

आम्ही सगळे ठीक. प्रणव आणि सूनबाई सारा आपापल्या ऑफिसात, नात सिया शाळेत, आणि आम्ही दोघं खिडकीत. खिडकीत अशासाठी, की अरुणाचा गुडघा. मार्चमध्ये ती मागच्या बागेच्या पायरीवरून घसरली हे तुला फोनवर सांगितलंच होतं. हाड शाबूत आहे, पण गुडघा वाकायला तयार नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही, इंजेक्शन दिलं नाही, पट्टासुद्धा दिला नाही. पाण्यात चाला, जमलं तर पोहा, एवढंच सांगितलं आणि हसून दार उघडलं. त्यावर अरुणानं जे तोंड मिटलं ते मिटलंच. वाईची मुलगी, लग्नाआधी कृष्णेत या काठावरून त्या काठावर जायची म्हणे, पण आता पाण्याचं नाव काढलं की काठी घेते आणि दुसऱ्या खोलीत जाते. फिरायला येणं तर बंदच. मी रोज संध्याकाळी एकटा तळ्यापर्यंत जातो, बदकं बघतो आणि परत येतो. खरं सांगतो ताई, मला करमत नाही. बदकांबद्दल बोलायला शेजारी कुणी नसेल तर बदकं बघण्यात काही अर्थ नाही.

अशात एका रविवारी प्रणव म्हणाला, की आपण सगळे एक दिवस बाथला जाऊन येऊ, तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. गरम पाणी म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलो. म्हणजे आपलं तुरळ! आठवतं ना, अण्णा आपल्याला बैलगाडीतून घेऊन गेले होते आणि तू कुंडावर कपडे राखत बसली होतीस? मी अरुणाला तुरळचं सगळं वर्णन ऐकवलं, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती काठीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, तिथे उतरता येतं का हो? बस्स. सहलीची आखणी मी माझ्याकडे घेतली. प्रणव म्हणत होता, बाबा, इट्स जस्ट अ डे ट्रिप, सकाळी निघू, संध्याकाळी परत. पण मी जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. पाहणीशिवाय आम्ही साधी मोरीसुद्धा बांधली नाही (बांधली त्या दोन वाहून गेल्या, पण त्या माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातल्या).

तयारी तीर्थाला जावं तशीच सुरू केली. कोरडं लुगडं, पंचे, तांब्या, देवीला हळदकुंकू, एक नारळ, आणि वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या. मग वाटलं, परका देश आहे, विचारलेलं बरं. बाथला हल्लीच उघडलेली एक नवी स्नानाची इमारत आहे असं कळलं, तिथे फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीला विचारलं, की बाईमाणसानं साडी नेसून पाण्यात उतरलं तर चालेल का. तिनं साडी म्हणजे नक्की काय ते विचारलं. मी समजावून सांगितलं. तिनं लांबी विचारली. मी म्हणालो, साधारण पाच वार. पलीकडे संगीत सुरू झालं, मग एक वयस्क गृहस्थ आले आणि त्यांनी विचारलं, की या बाई हा तंबू पाण्यात कशासाठी नेणार आहेत. नारळाचा विषय मी काढलाच नाही. निष्कर्ष असा, की पोहण्याचाच पोशाख लागतो, दुसरं काही चालत नाही, आणि बायका-पुरुष एकाच पाण्यात असतात.

हे घरात सांगायच्या आधी स्वतः डोळ्यांनी बघून यावं म्हणून परवा मी एकटाच बाथला जाऊन आलो. (सहलीची आखणी करायला आधी एक सहल करणारा बेसिंगस्टोकमधला मी पहिलाच माणूस, असं सारा म्हणते.) रेडिंगला गाडी बदलायची, मग दोन्हीकडे हिरवंगार, मग एकदम मधाच्या रंगाच्या दगडांचं गाव. ताई, काय गाव आहे! घरं अशी ओळीनं वळलेली, की कुणीतरी दोरी धरून आखली असावीत. मधोमध रोमन लोकांनी बांधलेलं कुंड, वर वाफ, पाणी हिरवं. आणि गंमत बघ, गावाचं नावच आंघोळ, पण त्या कुंडात आंघोळीला सक्त बंदी! पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही. मी हात लावला नाही. एक बोट लावलं. लगेच एक मुलगी आली आणि तिनं मला त्या पाण्यातल्या जंतूंची अशी माहिती दिली, की मी ते बोट स्टेशनापर्यंत अंगापासून लांब धरून चाललो.

पण तिथला सांडवा! जास्तीचं पाणी नदीला नेणारा रोमनांचा नाला आजही वाहतोय. मी कठड्यावर वाकून इतका वेळ बघत होतो, की मागे शाळेच्या मुलांची रांग लागली. उतार बघितला, दगडांचे सांधे बघितले, आणि आमच्या खात्यातल्या काही जणांची नावं मनात आली, ती लिहीत नाही. कुंडाची कथाही अगदी आपल्यासारखी. कुणा राजपुत्राला कुष्ठ झालं, तो डुकरं राखायला गेला, डुकरं चिखलात लोळून बरी झाली, मग तोही लोळला. देवी गावची जुनीच, रोमन आले आणि तिच्या नावाला त्यांनी आपल्या देवीचं नाव जोडलं. आणि लोक तिला गाऱ्हाणी घालत, शिशाच्या पत्र्यावर लिहून पाण्यात टाकत. माझी शाल चोरली, माझा आंघोळीचा सदरा पळवला, चोर बाई असो की पुरुष, त्याची झोप उडव! मला देवळातल्या आपल्या गाऱ्हाण्यांची इतकी आठवण आली की नमस्कारच केला. शेवटी ते पाणी प्यायला देतात. चव लोखंडी पाटीत उकळलेल्या पाण्यासारखी. मी दोन पेले प्यालो, कारण औषध कडू असलं की गुण येतो अशी माझी समजूत आहे. गुण अजून आलेला नाही.

मग नव्या इमारतीपाशी गेलो. आत डोकावणं बरं दिसलं नसतं, म्हणून समोरच्या बाकावर बसून कोण बाहेर येतं ते बघत राहिलो. तरुण, तरुण, पुन्हा तरुण. माझा धीर सुटत चालला होता, तेवढ्यात एक आजी आल्या. केस ओले, हातात काठी, दुसऱ्या हातात पाव. माझ्याच शेजारी टेकल्या. मी धीर करून सगळं सांगितलं, गुडघा, वाई, पाच वार. त्या पाव चघळत ऐकत होत्या. माझा प्रश्न एवढाच होता, की लोक बघत नाहीत का? त्या म्हणाल्या, "नोबडीज लुकिंग, माय लव्ह. दे आर ऑल होल्डिंग देअर ओन टमीज इन." (म्हणजे जो तो आपापलं पोट आत ओढून धरण्यात गुंतलेला. इथे अनोळखी माणसालाही माय लव्ह म्हणतात. अरुणाला हे सांगितलेलं नाही.) त्या उठल्या आणि काठी हवेत धरूनच पुढे चालू लागल्या. मला एकदम अरुणा तशी चालताना दिसली आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन सगळं सांगितलं. सारानं, न विचारता, बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख आणून ठेवलेला होताच. अरुणानं तो उचलून बघितला, म्हणाली हे बाहुलीचं झबलं आहे, आणि कपाटात टाकला. मी आजींचं सांगितलं, रोमनांचं सांगितलं, डुकरांचं सांगितलं (ते सांगायला नको होतं). तर म्हणते, या वयात हे घालून पुरुषांसमोर जाऊ? वन्सं काय म्हणतील? वाद तिथेच मिटला. सारा म्हणते, "बाबा, आईंना फोर्स नका करू, ओके? शी'ल गो व्हेन शी'ज रेडी." पोरगी कार्डिफची, तिला वन्सं म्हणजे काय ते कुठून कळणार?

तीन आठवड्यांनी, शनिवारी, जायचं नक्की आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून सियाला घेऊन बाहेर थांबायचं काम मी आनंदानं पत्करलं आहे. बाकी क्षेम. तब्येतीला जप, डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा,
सतीश

ता. क. : तू अरुणाला फोन कर आणि सांग, की खुशाल घाल आणि उतर. तुझ्या तोंडून आलं की तिचा प्रश्नच मिटेल. फक्त मी सांगितलं असं म्हणू नकोस, आपल्याच मनानं सुचल्यासारखं बोल.

ता. क. दुसरा : फोनवर आश्चर्य दाखवू नकोस. तुझी परवानगी पत्रानं आली असं मी तिला कालच सांगून टाकलं आहे. पत्र दाखवा म्हणाली, तर कचऱ्यात गेलं म्हणालो. म्हणजे लक्षात ठेव, तू ते लिहिलं होतंस. अक्षर थरथरतं होतं, आणि शेवटी मला आशीर्वाद होता.

———

ती. वन्संना अरुणाचा नमस्कार वि. वि.

वाचू नकोस, वाचू नकोस असं चार वेळा बजावून ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुमचं नाव मी उगाचच पुढे केलं, राग मानू नका. ह्यांच्यासमोर तुमचं नाव घेतलं की वाद थांबतो.

सारा मला महिनाभर शनिवार-रविवारी इथल्या पोहण्याच्या तलावावर नेते आहे, हे लायब्ररीत असतात तेव्हा. पहिल्या दिवशी कठड्याला धरून रडले, दुसऱ्या दिवशी हात सोडला. गुडघा वाकतो. मागच्या आठवड्यात जिना काठीशिवाय चढले, तेव्हा हे रोमनांच्या पुस्तकात डोकं घालून बसले होते. ह्यांना सांगितलं नाही, कारण नोकरी सुटल्यापासून इतकं भरभरून बोलताना मी ह्यांना ऐकलं नव्हतं. म्हटलं, होऊ दे पाहणी.

तेव्हा फोन मला नको, ह्यांना करा. जन्मभर धरणांवर राहिले, पण घोटाभर पाण्यात कधी उतरले नाहीत. लहानपणी विहिरीत पडले तेव्हा तुम्हीच हात देऊन वर काढलं होतंत म्हणे, ती धास्ती अजून आहे. सियाचं नुसतं निमित्त आहे. तिला प्रणव आणि सारा सांभाळतील, मी विचारून ठेवलं आहे. ह्यांच्या मापाची चड्डीही आणली आहे, निळी. त्यांना सांगा, की अरुणाबरोबर आत जा. मला त्या पाण्यात एकटीनं जायचं नाही. पहिल्या पायरीपर्यंत आले तरी पुरे, तिथून पुढे मी हात धरून नेईन.

अरुणा