सायलेन्सरची राखण

६ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचे संकल्प तीन. एक, कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. दोन, गाडी स्वतःच चालवायची. तीन, चिडचिड बंद. तिसरा जयमालाचा आहे. बायकोचं एखादं ऐकावं.

गाडी धाड गावच्या बाजारात भेटलेल्या एका माणसाकडून घेतली. सेकंडहँड कार, पण अख्खं मोताळा गाव वळून पाहते. शेजारचा शेषराव जरा जास्तच पाहते.

आज मोबाइलवर व्हिडिओ आला. गाड्यांचे सायलेन्सर चोरीले जाऊन राह्यले. आतल्या जाळीत सोन्याहून महाग धातू असते म्हणे. म्हणजे माझ्या गाडीखाली दागिना लटकून राह्यला अन् मलेच पत्ता नाही.

८ जानेवारी, बुधवार
उपाय सापडला. भांडी घासायची तारेची घासणी सायलेन्सरच्या नळीत कोंबली, काठीनं आत लोटली. चोरानं हात घातला की बोटं सोलून निघतीन. कोणाले सांगायचं नाही. घासणी कुठं गेली, असं जयमालानं विचारलं. उंदरानं नेली म्हटलं.

दुपारी प्राचीले मेसेज आला. नर्सच्या भरतीत पोरगी वेटिंगवर होती, नंबर लागला! २१ तारखेला सकाळी दहाले बुलडाण्यात कागदपत्रं तपासणार. वेळेवर पोचली नाही तर जागा मागच्या उमेदवाराले. तीन वर्षं अभ्यास केला पोरीनं. ती रडली. मीही रडलो, पण बाथरूमात. ठरलं: राजूर घाट चढून तिले माझ्याच गाडीनं नेणार.

११ जानेवारी, शनिवार
गाडी जागेवर मस्त गुरगुरते. चढ आला की दम नाही. वावराच्या वाटेवर तर मेलीच. दाट संशय: कोणीतरी जाळीतला माल थोडा थोडा खरवडून नेऊन राह्यलं. आणखी दोन घासण्या टाकल्या.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. शेषराव तिळगूळ घेऊन आला. आत यायच्या आधी गाडीमागं वाकून पाहत होता. मी खिडकीतून पाह्यलं. घरात बसल्यावर म्हणे, "उकंडरावभाऊ, तुमच्या सायलेन्सरमंधी..."

मी तिथंच तोडलं. गोड बोला म्हटलं, सायलेन्सरचं बोलू नका. चेहरा पडला त्याचा. पकडला गेला की पडतेच. तिळगूळ चांगला होता, म्हणून तर संशय वाढला. आणखी दोन.

१७ जानेवारी, शुक्रवार
मेकॅनिक हर्षलकडे गेलो. प्लग साफ केला, एअर फिल्टर झटकला, काही फरक नाही. मग म्हणे, "काका, इंजिन श्वास घेते तसा सोडतेबी. सोडताच नाही आला, तर नवा कुठून घेईन? सायलेन्सर खोलून पाहू."

आला मुद्द्यावर! मोताळ्यात सगळ्याइले माझाच सायलेन्सर दिसते. मी त्याले ऐकवलं की मी व्हिडिओ पाह्यला आहे, इंजिनाले थोडं बॅकप्रेशर, म्हणजे नळीत अडलेल्या धुराचा दाब, लागतेच, त्यानं पिकअप वाढते. तो म्हणे प्रेशरनं काही ताकद येत नाही, नळी मापाची अन् मोकळी पाहिजे, बस. मी जॅक लावू दिला नाही. नंतर चौकशी केली तर हर्षल शेषरावच्या मामेभावाचा जावई निघाला. काय समजायचं ते समजलो.

घरी येऊन दोन घासण्या, बॅकप्रेशरसाठी.

१९ जानेवारी, रविवार
घासण्या पुरतच नाहीत म्हणून जयमाला चिडलेली. उंदरासाठी पिंजरा आणायले सांगितला. आणला.

प्राची म्हणे, पप्पा, मी एसटीनं जाते. मनाले लागलं. चिडलो नाही, फक्त ताट सरकवलं.

२१ जानेवारी, मंगळवार, सकाळी ९.२५, राजूर घाट
रस्त्याच्या कडेला बसून लिहून राह्यलो. दुसऱ्या वळणावर गाडी मेली. चारदा चालू केली. अ‍ॅक्सिलेटर पार खाली दाबला तरी पुढं सरकत नाही. प्राची छातीशी फाईल धरून उभी. सारखी घड्याळ पाहे.

तेवढ्यात मागून स्कूटीवर शेषराव. पाठलागच! गाडीकडं पाह्यलं, प्राचीकडं पाह्यलं, म्हणे बस पोरी. त्याच्या मागं बसू नको, असं मी ओरडलो.

"पप्पा, आज नको," प्राची म्हणाली. अन् बसली.

वळणापर्यंत तिनं मागं पाह्यलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्राची दहाले पाच कमी असताना पोचली. कागद मंजूर.

फोन केला तर हर्षल जयमालाले मागं बसवून घाटात आला. नळीत आकडा घातला अन् जयमालासमोर एक एक घासणी ओढून काढली. सात. काळ्याकुट्ट.

"उंदीर मोठा होता," जयमाला म्हणाली.

गाडी एका दमात घाट चढली. वर पोचल्यावर हर्षलनं सायलेन्सर खोलला, बॅटरी मारून आत पाह्यलं. म्हणे आतली जाळी तर कवाचीच काढलेली आहे काका, तुम्ही घेतली तवाबी नसंन. नुसता डबा आहे.

मी पंधरा दिवस डबा राखला.

२२ जानेवारी, बुधवार
शेषरावकडे जाऊन विचारलं, संक्रांतीले काय सांगत होता. म्हणे, हेच. नळीत काहीतरी चमकत होतं. मी पेढा दिला. त्यानं अर्धा मले भरवला. लई लाज वाटली.

जयमालानं नव्या घासण्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. या घरात आता संशय माझ्यावर आहे.

सोमवारी प्राचीले डोणगावच्या दवाखान्यात रुजू व्हायचं आहे. गाडी आता पळते, मी नेतो म्हटलं. ती म्हणे एसटीनं जाते, शेषरावकाका स्टँडवर सोडतीन. मी गाडीची चावी खिळ्याले अडकवली. तीच जवळ आली.

"तुमचंबी तिकीट काढू का, पप्पा?"

काढ म्हटलं.