किल्ली सुरक्षित आहे

रविवार, ३ मार्च
पाळकसाहेब दोन आठवडे बाहेरगावी. चर्चमधल्या भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली माझ्या हवाली. दर रविवारी उपासना संपली की किल्ली द्यायची, बस्स. आजची त्यांनी स्वतःच दिली. चर्चची बाग शिंप्याकडे. १७ तारखेचा उपदेशही माझाच! परत आल्यावर ते आम्हा दोघांतल्या एकाला चर्चचा कारभारी नेमणार. कोण, ते सांगायला नको. शिंप्याने हसून अभिनंदन केलं. मी काही विसरलेलो नाही. पँटचं माप घेताना चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, कंबर दोन इंच वाढली, बैठं काम जोरात दिसतंय. थांब बेट्या.

सोमवार, ४ मार्च, सकाळी ७.१५
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून उपदेश लिहिणे. उद्यापासून. विषय: आळस. मुंगीपासून सुरुवात, शिंप्यावर शेवट. नाव घेणार नाही. नुसतं बघणार.

शुक्रवार, ८ मार्च
एक ओळ झाली. 'प्रिय बंधुभगिनींनो.' दमदार आहे. मुंग्यांचं निरीक्षण करायला ओट्याजवळ खुर्ची टाकली, जरा डोळा लागला. बायको म्हणते, मुंग्या साखर संपवून गेल्यासुद्धा.

रविवार, १० मार्च
उपासना संपते न संपते तोच शिंपी जवळ येऊन हळूच विचारतो, किल्ली दिली का? म्हणजे बघा! कोणाला द्यायची? तुला? म्हटलं, जीव गेला तरी देणार नाही. तडक घरी आलो, किल्ली रुमालात गुंडाळली, डबीत घातली, गॅलरीतल्या कुंडीत पुरली. आता शोध म्हणावं! इतक्या उत्साहाने काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

बुधवार, १३ मार्च
उपदेशाला धार आली. मालकाने तीन चाकरांना ठेव सोपवली, ती गोष्ट घेणार. दोघांनी राबून ती वाढवली, तिसऱ्याने खड्डा खणून पुरली. त्या तिसऱ्याचा असा संताप येतो! डोळ्यांपुढे सारखा शिंपीच. बागेत खणतच असतो ना दिवसभर.

शनिवार, १६ मार्च
लिहून झालं नाही. मनात पक्कं आहे. उद्या त्याचं तोंड बघण्यासारखं होणार.

रविवार, १७ मार्च, दुपार
उपदेश अप्रतिम झाला. पाळकसाहेब पहिल्या बाकावर. शिंप्याकडे रोखून बघत गरजलो, सोपवलेलं ज्याने पुरून ठेवलं त्याच्याकडून काढून घ्या, राबणाऱ्याला द्या! मग घड्याळाकडे बोट केलं, वेळ कोणासाठी थांबत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या.
सकाळचे साडेनऊ. घड्याळात सव्वाचार.
आधी पोरं हसली, मग मोठे. पाळकसाहेबांनी विचारलं, किल्ली कुठे आहे? छाती काढून सांगितलं, सुरक्षित आहे. कुठे? मागच्या बाकावरून बायको म्हणाली, कुंडीत पुरलीय.
मग कोणीच हसलं नाही. ते फार वाईट. शिंपी खाली मान घालून बसला होता. तो किल्ली मागत नव्हता, आठवण करून देत होता, हे तेव्हा डोक्यात शिरलं.
पाळकसाहेब म्हणाले, उपदेश मनाला भिडला. शब्दन् शब्द पाळू या.

सोमवार, १८ मार्च
कुंडी उकरली. किल्लीला गंजसुद्धा नाही. नव्या कारभाऱ्याच्या दुकानात नेऊन दिली. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने नुसतं स्टूल पुढे केलं. बसताना पँट उसवली. त्याने माप घेतलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. आकडा मोठ्याने सांगितला नाही.